मंदीतली सरकारी मदत नेमकी कोणाच्या हातात पडली? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

मागच्या अंकात 1930 च्या दशकातल्या जागतिक महामंदीवर लेख आला होता. त्यावर नागपूर शहर आणि जिल्ह्यातून बरीच पत्रं आली. बहुतेकांचं म्हणणं एकच आहे: अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ या मंदीवरच्या उपाययोजनेतल्या योजनांची नावं वाचली, पण पैसा कोणत्या वाटेनं, कोणत्या कागदावर, कोणाच्या हातात गेला हे कळलं नाही. आमच्या मते विचारायचा प्रश्न हाच आहे. कोणत्याही मदतीचं भलंबुरं तिच्या घोषणेपेक्षा तिच्या वाटपाच्या नियमात जास्त ठरतं. म्हणून या वेळी उत्तरं त्याच अंगानं दिली आहेत.

प्रश्न: फेरा, सीडब्ल्यूए, पीडब्ल्यूए, डब्ल्यूपीए ही सगळी रोजगाराचीच कामं होती, मग चार वेगळी खाती कशाला? पाठ करताना गोंधळ होतो. (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, धरमपेठ)

पाठ करू नका. पैसा कसा द्यायचा, या एकाच प्रश्नावर सरकारनं चार उत्तरं करून पाहिली, असं समजा. मग क्रम आपोआप लक्षात राहतो.

पहिलं उत्तर, मे 1933: फेडरल इमर्जन्सी रिलीफ ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे फेरा. हॅरी हॉपकिन्स प्रमुख, हातात 50 कोटी डॉलर. निम्मी रक्कम राज्यांनी खर्चलेल्या दर तीन डॉलरमागे एक या हिशेबानं द्यायची होती. उरलेली निम्मी जिथं राज्याची तिजोरीच रिकामी आहे तिथं, हॉपकिन्सच्या अखत्यारीत. मदत मिळण्याआधी तपासनीस घरी येई. कुटुंबाची गरज लिही, मिळकत लिही, आणि वजाबाकी करून फरक तेवढाच देई. गरज 20 डॉलर आणि मिळकत 12 असेल तर हातात 8. ही पद्धत काटकसरीची वाटते, पण तिच्यात दोन दोष होते. शेजाऱ्यांसमोर तपासणी होते म्हणून माणूस शरमेनं अर्ज करत नाही. आणि दोन डॉलर जास्त कमावले की तेवढीच मदत कापली जाते, म्हणून कमावण्यात अर्थ उरत नाही.

दुसरं उत्तर, नोव्हेंबर 1933: सिव्हिल वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन, म्हणजे सीडब्ल्यूए. हिवाळा तोंडावर होता. इथं नियम बदलला. निम्मे मजूर मदतीच्या यादीतून घ्यायचे आणि निम्मे नुसते बेकार आहेत म्हणून, गरिबीची तपासणी न करता. जानेवारी 1934 पर्यंत 40 लाखांवर माणसं कामाला लागली. हा वेग साधला त्याचं कारण फारसं सांगितलं जात नाही. नवं वाटपयंत्र उभारत बसण्याऐवजी हॉपकिन्सनं माजी सैनिकांना निवृत्तिवेतनाचे चेक पाठवणाऱ्या खात्याची तयार यंत्रणा वापरली. सुमारे 40 हजार शाळा बांधल्या किंवा दुरुस्त झाल्या. पण खर्च डोळे पांढरे करणारा होता, आणि मार्च 1934 अखेर योजना गुंडाळली गेली.

पीडब्ल्यूए, म्हणजे पब्लिक वर्क्स ॲडमिनिस्ट्रेशन, ही या साखळीतली वेगळी कडी. तिच्याकडे 330 कोटी डॉलर होते, प्रमुख हॅरॉल्ड इक्स. धरणं, पूल, बोगदे अशी मोठी बांधकामं. स्थानिक संस्थेला खर्चाच्या 30 टक्के अनुदान, पुढे 45 टक्के, बाकीचं कर्जाऊ. प्रत्येक प्रस्तावाची तांत्रिक, कायदेशीर आणि आर्थिक छाननी होई. इक्स यांना एक डॉलरही कुठं मुरलेला चालत नसे. परिणामी कामं टिकाऊ झाली आणि गैरव्यवहार कमी झाला, पण उपाशी माणसाला नकाशे मंजूर होईपर्यंत थांबता येत नाही. मोठ्या बांधकामात पैशाचा बराच भाग सिमेंट, पोलाद आणि यंत्रांवर जातो. त्यातून पोलादाच्या गिरणीत काम निघतं हे खरं, पण चौकात बसलेल्या मजुराच्या हातात थेट कमी पडतं.

शेवटचं उत्तर, 1935 ची डब्ल्यूपीए, म्हणजे वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन. पुन्हा हॉपकिन्स, आणि या वेळी रोजगारच मुख्य. नगरपालिका किंवा जिल्ह्यानं काम सुचवायचं आणि सामानाचा मोठा भाग आपण द्यायचा, केंद्रानं मजुरी द्यायची. मजुरी महिन्यावर ठरलेली होती: दक्षिणेतल्या खेड्यातल्या अकुशल मजुराला 19 डॉलर, तर उत्तरेतल्या मोठ्या शहरातल्या तंत्रज्ञाला 94 पर्यंत. ती मदतीपेक्षा जास्त आणि बाजारातल्या पगारापेक्षा कमी राहील अशी आखणी होती. घरटी एकालाच काम मिळे. त्या ‘एक’ मध्ये बहुधा नवरा बसे, म्हणून लाखो बायका यादीबाहेर राहिल्या. 1943 पर्यंत सुमारे 85 लाख लोकांनी डब्ल्यूपीएत काम केलं.

परीक्षेत ‘टिकाऊ मालमत्ता’ आणि ‘तातडीचा रोजगार’ यांवर टिपण आलं तर इक्स आणि हॉपकिन्स समोरासमोर ठेवा. पैशातला मजुरीचा वाटा वाढवला की काम हलकं होतं, सामानाचा वाढवला की हात रिकामे राहतात. हा तिढा आजही कुणाला पुरता सुटलेला नाही.

प्रश्न: आपली रोजगार हमी योजना डब्ल्यूपीएची नक्कल म्हणायची का? (ग्रामपंचायत सदस्य, रामटेक तालुका)

नाही. मूळ फरक हक्काचा आहे. डब्ल्यूपीएत सरकार ठरवील तेवढ्याच जागा. निधी संपला की नावं कापली जात. महाराष्ट्रानं 1972 च्या दुष्काळातल्या कामांवरून धडा घेऊन हमी दिली. वि. स. पागे यांनी या विचाराचा पाठपुरावा केला, 1977 मध्ये कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. मागणी केल्यापासून 15 दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. खर्चासाठी 1975 पासून व्यवसाय कर बसवला. शहरातल्या पगारदाराच्या पगारातून कापला जाणारा पैसा खेड्यातल्या मजुराला, ही सांगड अमेरिकेत कुठंच नव्हती, आणि ती महाराष्ट्रानं अभिमानानं सांगावी अशीच आहे. मजुरी आणि सामानाचं 60:40 हे प्रमाणही इथलंच, ते पुढे 2005 च्या केंद्रीय कायद्यातही घेतलं.

मात्र एका बाबतीत डब्ल्यूपीए सोपी होती. तिथं महिन्याची ठरीव मजुरी, आपल्याकडे कामाच्या मोजमापावर. मोजमाप आलं की मऊ माती, मुरूम, खडक यांचे दर वेगळे आले. काम एका गटाचं एकत्र मोजलं तर झटून खोदणाऱ्याचा वाटा अंगचोरांत वाटला जातो. अभियंता उशिरा आला आणि मधे पाऊस पडला की खड्डे भरतात, मोजमाप कमी भरतं, मजुरी घटते. सदस्य म्हणून तुमच्या हातातलं काम म्हणजे हजेरीपट रोजच्या रोज कामावरच भरला जातो ना हे पाहणं, कामाचं मोजमाप आठवड्याला होतं ना हे पाहणं, आणि मातीचा प्रकार खोदाईच्या आधीच मजुरांसमोर लिहून घेणं. मागणीचा नमुना भरला की तारखेची पोच मागा. पोच नसेल तर 15 दिवस कधीपासून मोजायचे हेच ठरत नाही आणि भत्त्याचा हक्क कागदावरच राहतो.

प्रश्न: लोक बँकांतून पैसे काढायला रांगा लावत असताना सरकारनं सगळ्या बँका बंद केल्या. त्यानं घबराट वाढायला हवी होती. ती थांबली कशी? (व्यापारी, इतवारी)

बंद करण्यानं थांबली नाही, उघडण्याच्या पद्धतीनं थांबली.

4 मार्च 1933 ला रूझवेल्ट यांनी शपथ घेतली, तोवर बहुतेक राज्यांनी आपापल्या बँकांवर कुलपं किंवा निर्बंध घातले होतेच. 1930 ते 1933 या काळात सुमारे 9 हजार बँका बुडाल्या होत्या. 6 मार्चला देशभर सुट्टी जाहीर झाली, 9 मार्चला एका दिवसात तातडीचा बँक कायदा झाला. त्यानुसार बँकांची वर्गवारी केली: धडधाकट, सावरण्याजोग्या आणि गेलेल्या. धडधाकट बँकांना परवाना. मधल्यांवर व्यवस्थापक नेमून भांडवल. उरलेल्या बंद. मध्यवर्ती बँकेला बँकांच्या मालमत्तेवर नव्या नोटा काढायची मुभा दिली, म्हणजे सुदृढ बँकेत कितीही गर्दी झाली तरी रोख कमी पडणार नव्हती.

12 मार्चच्या रविवारी रात्री राष्ट्राध्यक्ष रेडिओवर आले आणि तुमची ठेव बँकेत नुसती पडून राहत नाही, ती कर्जाऊ दिलेली असते, इथपासून सगळं साध्या भाषेत सांगितलं. 13 तारखेला मध्यवर्ती बँकेच्या 12 शहरांत, 14 ला इतर मोठ्या शहरांत, 15 ला बाकी ठिकाणी बँका उघडल्या. या टप्प्यांमुळे पहिल्या दिवशी पैसे भरणाऱ्यांच्या रांगा दिसल्या आणि ती बातमी बाकीच्या गावांत बँका उघडायच्या आधी पोचली. महिनाअखेरपर्यंत घरी दडवलेल्या रकमेपैकी सुमारे दोन तृतीयांश परत आली.

यामागचा कमी ऐकू येणारा भाग भांडवलाचा. आधीच्या हूवर सरकारनं 1932 मध्ये आरएफसी (रिकन्स्ट्रक्शन फायनान्स कॉर्पोरेशन) नावाचं महामंडळ काढून बँकांना कर्जं दिली होती. कर्ज तारणावर असे, त्यामुळे बँकेची चांगली मालमत्ता गहाण पडे आणि ठेवीदारांसाठी गाळ उरे. त्यात कर्जदार बँकांची नावं छापली जाऊ लागली, आणि यादीत नाव दिसलं की रांग लागे. मदतच बँकेच्या मुळावर उठली. 1933 पासून त्याच महामंडळानं कर्जाऐवजी बँकांचे अग्रहक्क भाग (प्रेफरन्स शेअर) विकत घेतले, हजारो बँकांत. भागभांडवल परत मागायला कोणी सोमवारी सकाळी दारात उभा राहत नाही. तुमच्यासारख्या व्यापाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: उधारीनं बुडत्या दुकानाला उसनवारी देणं आणि भागीदार होणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे.

प्रश्न: त्याच वेळी ठेव विमा आला असं वाचलं. आमच्या एका सहकारी बँकेत महाल आणि सीताबर्डी अशा दोन शाखांत ठेवी आहेत. शिवाय एका पतसंस्थेतही. आम्ही कितपत सुरक्षित? (निवृत्त दांपत्य, नंदनवन)

अमेरिकेत जून 1933 च्या बँकिंग कायद्यानं विमा आला, 1 जानेवारी 1934 पासून 2,500 डॉलरपर्यंत आणि त्याच वर्षी जुलैपासून 5,000 पर्यंत. खुद्द रूझवेल्ट या कल्पनेबाबत साशंक होते. 1933 मध्ये सुमारे 4 हजार बँका बंद पडल्या होत्या, 1934 मध्ये विमा असलेल्या बुडाल्या फक्त 9.

भारतात 1960 मध्ये पलई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक बुडाल्यावर हालचाल झाली आणि 1 जानेवारी 1962 पासून विमा सुरू झाला, मर्यादा 1,500 रुपये. 1993 मध्ये ती 1 लाख झाली, 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाख.

तुमच्या बाबतीत नियम असे लागतात. एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून एक बँक. म्हणून महाल आणि सीताबर्डीची बेरीज होईल. बचत, मुदत, आवर्ती, चालू, सगळं मिळून, मुद्दल अधिक व्याज. समजा मुद्दल 4,80,000 आणि व्याज 35,000, तर बेरीज 5,15,000 आणि मिळतील 5,00,000. म्हणून मुदत ठेव ठेवताना मुदतीअखेरची रक्कम पाहा, आजची नव्हे. एकट्याच्या नावचं खातं आणि दोघांचं संयुक्त खातं यांची मर्यादा वेगवेगळी धरतात. संयुक्त खात्यांत नावांचा क्रम तोच असेल तर बेरीज, क्रम उलटा असेल तर वेगळी मर्यादा. त्याच बँकेचं तुमच्यावर कर्ज असेल तर ते आधी वळतं होतं. लॉकरमधल्या दागिन्यांना हा विमा नाही.

रिझर्व्ह बँकेनं व्यवहारांवर निर्बंध घातले तर 2021 च्या दुरुस्तीनुसार 90 दिवसांत पैसे मिळायला हवेत: बँकेनं 45 दिवसांत ठेवीदारांची यादी द्यायची, पुढच्या 30 दिवसांत छाननी, त्यापुढच्या 15 दिवसांत रक्कम. प्रकरणं अडतात ती क्षुल्लक कारणांवर. केवायसी जुनं, आधार आणि पासबुकावर नावाचं स्पेलिंग वेगळं, दुसऱ्या बँकेतला खाते क्रमांक दिलेला नाही, संमतीचा अर्ज भरलाच नाही, वारस नोंद नाही. हे सगळं आजच नीट करून ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं: पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. दोन टक्के व्याज जास्त मिळतं ते या जोखमीचं आहे. आयुष्यभराची पुंजी तिथं एकगठ्ठा ठेवू नका, ही आमची कळकळीची विनंती.

प्रश्न: अमेरिकेत उभं कापसाचं पीक पैसे देऊन उपटलं, हे खरं? (कापूस उत्पादक, काटोल)

खरं आहे. 1929 मध्ये पौंडाला सुमारे 17 सेंट असलेला कापूस 1931 मध्ये 6 सेंटांच्या खाली आला होता. मे 1933 मध्ये शेती समायोजन कायदा, म्हणजे एएए, मंजूर झाला तेव्हा पेरणी होऊन गेली होती. त्यामुळे उगवलेलं पीक मोडावं लागलं. शेतात किती पिकतं त्याप्रमाणे एकरी 7 ते 20 डॉलर देऊन सुमारे एक कोटी एकरांतला कापूस नांगरून टाकला. त्याच वर्षी सुमारे 60 लाख डुकरांची पिल्लंही मारली. लोक उपाशी असताना हे झालं, आणि त्यावर उठलेली टीका रास्त होती. पैसा गिरण्यांवर बसवलेल्या प्रक्रिया करातून आला. याच करामुळे जानेवारी 1936 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायद्याचा तो भाग रद्द केला.

पुढच्या वर्षी अडचण आली ती शेतकऱ्याला लगेच ओळखू येईल. करार करणाऱ्यानं पेरा कमी केला, पण हलकी जमीन पडीक टाकून चांगल्या जमिनीत खत जास्त घातलं. करार न करणाऱ्यानं तर पेरा वाढवला. म्हणून 1934 च्या बँकहेड कायद्यानं नाकं धरली ती जिनिंगची. सरकी आणि रुई वेगळी केल्याशिवाय कापूस विकला जात नाही, आणि शेतांपेक्षा जिन कमी. देशाचा कोटा 500 पौंडांच्या 1 कोटी गाठींचा, तो जिल्हावार आणि मग शेतकरीवार वाटला. कोट्यावरच्या कापसावर जिनमध्येच बाजारभावाच्या निम्मा कर. छोट्या शेतकऱ्यांची ओरड झाली, कारण कोटा मागच्या पेऱ्यावर ठरत होता: ज्यानं आधी जास्त पेरलं त्यालाच जास्त मुभा. 1936 मध्ये तो कायदाही मागे घेतला.

त्यातला टिकलेला आणि आमच्या मते सर्वांत शहाणा भाग कर्जाचा. ऑक्टोबर 1933 मध्ये निघालेल्या कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशननं कापूस तारण घेऊन पौंडाला 10 सेंट दिले. भाव वर गेला तर शेतकऱ्यानं कर्ज फेडून कापूस सोडवायचा आणि नफा घ्यायचा. भाव पडला तर कापूस सरकारला सोडून द्यायचा, बाकी वसुली नाही. हंगामाच्या पहिल्या महिन्यात पडेल भावात विकायची सक्ती यानं टळली. आपल्याकडे वाट वेगळी निघाली: 1970 मध्ये भारतीय कापूस महामंडळ, आणि राज्यात 1972 पासून एकाधिकार खरेदी. दोन्हींत कर्ज नाही, सरळ खरेदी; त्यांतली एकाधिकार खरेदी आता राहिलेली नाही. महामंडळाला माल देऊन बसल्यावर भाव वर गेला तर त्याचा फायदा शेतकऱ्याला आपोआप मिळत नाही.

पण एएएची खरी शोकांतिका बटईदारांची. चेक जमीनमालकाच्या नावानं निघे, त्यानं वाटा कुळाला द्यावा अशी अपेक्षा. पुष्कळांनी तो जुन्या उसनवारीत वळता केला. पेरा घटला म्हणून माणसंही नकोशी झाली आणि हजारो काळी आणि गोरी बटईदार कुटुंबं झोपडीतून बाहेर काढली गेली. करारात कुळं ‘शक्यतो’ टिकवावीत असं कलम होतं. त्या ‘शक्यतो’ नं घात केला. 1934 मध्ये आर्कान्सासात दोन्ही वर्णांच्या बटईदारांनी मिळून संघटना काढली. खात्यातल्या काही वकिलांनी कुळांच्या बाजूनं कलमाचा अर्थ लावला, तर फेब्रुवारी 1935 मध्ये त्यांनाच घरी पाठवलं. आपल्याकडे ठेक्यानं किंवा बटईनं कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. मदत सातबारा पाहून वाटली जाते तिथं काय होत असेल, हे तुम्ही आमच्यापेक्षा चांगलं जाणता.

प्रश्न: त्या काळात नागपूर ही मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. इथल्या सरकारनं काही केलं की नाही? (इतिहासाचे निवृत्त शिक्षक, महाल)

मोठा खर्च करून रोजगार काढायचा विचार दिल्लीत किंवा लंडनमध्ये कोणी मनावर घेतला नाही. उलट काटकसर झाली, 1931 च्या अखेरीस सरकारी नोकरांच्या पगारात 10 टक्के कपात केली. रुपया 1 शिलिंग 6 पेन्सला बांधलेलाच राहिला. कलकत्त्याचा घाऊक भावांचा निर्देशांक (जुलै 1914 = 100) 1929 मध्ये 141 होता, तो 1933 मध्ये 87 वर आला. शेतसारा आणि सावकाराचं व्याज मात्र रोख आकड्यात ठरलेलं. म्हणजे तेवढाच हप्ता फेडायला दीडपटीहून जास्त माल विकावा लागे. सप्टेंबर 1931 मध्ये पौंडानं सुवर्णपरिमाण, म्हणजे चलनाची किंमत सोन्याशी बांधायची पद्धत, सोडलं, सोन्याचा भाव चढला, आणि खेड्यातल्या बायकांच्या अंगावरचं सोनं सराफ्यातून मुंबईमार्गे परदेशी गेलं. सरकारला त्यात परकीय देणी भागवायची सोय दिसली. ते सोनं कोणाच्या अडचणीतून निघालं, हे हिशेबात कुठं लिहिलं गेलं नाही.

कर्जाच्या बाबतीत मात्र या प्रांतानं पहिलं पाऊल टाकलं. 1933 चा मध्यप्रांत कर्ज-तडजोड कायदा हा हिंदुस्थानातला अशा प्रकारचा पहिला. पंजाब, बंगाल, मद्रास यांनी नंतर तसे कायदे केले. पद्धत अशी: ऋणको (कर्ज घेणारा) किंवा धनको (कर्ज देणारा) तडजोड मंडळाकडे अर्ज करी. मंडळ सर्व धनकोंना नोटीस देऊन आपापल्या येण्याचा तपशील मागवी. मुदतीत तपशील न देणाऱ्याचं कर्ज फिटलं असं धरलं जाई. या एका तरतुदीनं सावकारांना कागद घेऊन मंडळासमोर यावं लागलं. मग बसून आकडा खाली आणायचा, हप्ते बांधायचे, करारनाम्याची नोंदणी करायची. कोणी अडून बसला आणि ऋणकोनं देऊ केलेली रक्कम मंडळाला वाजवी वाटली, तर तसा दाखला ऋणकोला मिळे, आणि अडलेल्याची वसुली मागे पडे. हप्ता चुकला तर मात्र रक्कम शेतसाऱ्याच्या थकबाकीसारखी वसूल व्हायची. इथंच पुष्कळांची जमीन पुन्हा धोक्यात आली, कारण भाव सुधारलेच नव्हते.

1934 मध्ये सावकारी कायद्यानं हिशेब ठेवून ऋणकोला त्याचा उतारा देणं बंधनकारक केलं. 1939 च्या कायद्यानं तडजोडीच्या जागी न्यायालयं आणली आणि कर्ज जितकं जुनं तितकी मुद्दलात जास्त कपात ठरवली.

या सगळ्यात उणीव होती रोख रकमेची. मंडळ आकडा कमी करी, पण सावकाराला पैसे द्यायला कोणी उभं नव्हतं. त्यामुळे पुढच्या पेरणीला तोच सावकार हात आखडता घेई, आणि सहकारी पतपुरवठा तेव्हा स्वतःच थकबाकीत रुतला होता. काठेवाडात भावनगर संस्थानानं याच सुमारास वेगळं केलं: कर्जं चौथाईच्या आसपास तोडून सावकारांना एकरकमी चुकते केले, आणि शेतकऱ्याकडून हप्त्यानं स्वतः घेतले. लहान संस्थानाला जमलं ते प्रांताला जमलं नाही, याची खंत वाटते.

प्रश्न: घरांच्या कर्जाचं अमेरिकेनं काय केलं? (गृहकर्जदार, त्रिमूर्तीनगर)

भावनगरनं केलं तेच, पण रोख्यांनी. त्या आधी गृहकर्ज बहुधा तीन ते पाच वर्षांचं असे, मधे नुसतं व्याज आणि शेवटी सगळं मुद्दल एकदम. बँकेनं नूतनीकरण नाकारलं की घर गेलं. 1933 मध्ये दिवसाला सुमारे हजार घरं जप्त होत होती. जून 1933 मध्ये होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन निघालं. 20 हजार डॉलरपर्यंतच्या घरावर, मूल्याच्या 80 टक्के आणि जास्तीत जास्त 14 हजार, एवढे रोखे ते सावकार बँकेला देई आणि थकलेलं कर्ज स्वतःकडे घेई. घरमालकाला नवं कर्ज 15 वर्षांचं, 5 टक्क्यांनी, दर महिन्याच्या हप्त्यात व्याज आणि मुद्दल दोन्ही. तुमचा आजचा ईएमआय याच घराण्यातला. सुमारे 10 लाख कर्जं घेतली. त्यांतही साधारण पाचांतलं एक घर शेवटी जप्त झालंच. 1951 मध्ये महामंडळ थोड्या नफ्यानिशी बंद झालं. त्यानं काढलेल्या शहरांच्या नकाशांत काळ्यांच्या वस्त्या लाल रंगात, ‘धोक्याच्या’ म्हणून दाखवल्या होत्या, हा डाग त्याच्या नावावर कायम आहे.

प्रश्न: 1935 च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात घरकामगार नव्हत्या असं ऐकलं. का? (घरकामगारांमध्ये काम करणारी कार्यकर्ती, सक्करदरा)

नव्हत्या, आणि शेतमजूरही नव्हते. कायदा 14 ऑगस्ट 1935 चा. 1937 पासून कामगार आणि मालक दोघांकडून पगाराच्या 1 टक्का कापायचा, वार्षिक 3,000 डॉलरच्या मर्यादेत, आणि जानेवारी 1940 पासून मासिक निवृत्तिवेतन. मालक अनेक, पगार रोख, हिशेब नाही, तेव्हा वर्गणी गोळा कशी करायची, असा कोषागाराचा आक्षेप होता. दक्षिणेतल्या जमीनदारांच्या प्रतिनिधींना तो सोयीचा पडला. काळे कामगार बहुसंख्येनं याच दोन धंद्यांत होते. त्यांना वाट उघडली ती 1950 आणि 1954 च्या दुरुस्त्यांनी.

‘मालक अनेक, म्हणून अशक्य’ या युक्तिवादाला आपल्याच राज्यात उत्तर आहे. 1969 च्या माथाडी कायद्यात हमालाला एक मालक नसतो हे धरूनच रचना केली: व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर आकार मंडळाकडे भरायचा, मंडळानं हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस द्यायचा. कळमन्याच्या बाजारात कुणालाही विचारा. घरकामगारांसाठी 2008 मध्ये राज्यानं कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्यात घरमालकाच्या वर्गणीची अशी बांधणी नाही. तुमच्या संघटनेनं मागणी करायची तर माथाडी मंडळाची रचना पुढे ठेवून करावी. नुसत्या मदतीच्या मागणीपेक्षा ती जास्त पुढं नेईल.

प्रश्न: इतकं सगळं करूनही 1937 मध्ये पुन्हा मंदी का आली? आणि मग न्यू डीलनं मंदी संपवली म्हणायचं का? (लघुउद्योजक, हिंगणा)

घाई केली म्हणून आली. 1936 मध्ये माजी सैनिकांना मोठा बोनस दिला होता, 1937 मध्ये तो नव्हता. त्याच वर्षी सामाजिक सुरक्षेची कपात सुरू झाली, म्हणजे पगारातून पैसा बाहेर गेला आणि परत यायला तीन वर्षं होती. अर्थसंकल्प जमवण्यासाठी डब्ल्यूपीएतली माणसं कमी केली. मध्यवर्ती बँकेनं ऑगस्ट 1936, मार्च आणि मे 1937 अशा तीन टप्प्यांत बँकांनी बाजूला ठेवायच्या राखीव निधीचं प्रमाण दुप्पट केलं. बँकांकडे जादा रोख पडून होती, ती निरुपयोगी आहे असं तिला वाटलं. खरं तर 1933 चा अनुभव घेतलेल्या बँकांनी ती धास्तीनं साठवली होती, म्हणून त्यांनी कर्जं आवरली. औद्योगिक उत्पादन जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं घसरलं, बेकारी 14 टक्क्यांवरून 19 वर गेली. एप्रिल 1938 मध्ये रूझवेल्ट यांनी पुन्हा खर्चासाठी संसदेकडे पैसे मागितले आणि नोव्हेंबरपर्यंत डब्ल्यूपीएवर 33 लाख माणसं होती.

दुसऱ्या भागाचं उत्तर आकड्याच्या व्याख्येवर आहे. 1933 मध्ये बेकारी सुमारे 25 टक्के होती. वर दिलेले 14 आणि 19 हे आकडे डब्ल्यूपीए आणि सीसीसी (तरुणांना वनीकरणासारखी कामं देणारी सरकारी योजना) यांतल्या माणसांना बेकार धरून काढलेले आहेत. दिवसभर रस्ता बांधून पगार घेणाऱ्याला कामावर धरलं तर 1937 चा आकडा 9 च्या आसपास येतो. खासगी उद्योगानं सगळ्यांना परत सामावून घेतलं ते मात्र महायुद्धाच्या मागणीनंच. तुम्ही वाचाल त्या प्रत्येक आलेखाखाली कोणाला बेकार मोजलं आहे, ती टीप आधी पाहा.